परीटघडीची चाके

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये एक प्रश्न वर्षानुवर्षे चघळला जात आहे. १९५० च्या दशकातल्या अमेरिकन मोटारीच्या टायरवरची पांढरी पट्टी पिवळी पडली, तर ती पुन्हा पांढरी कशी करावी? उत्तरे पुष्कळ आहेत आणि सगळी आवेशाने दिली जातात. कोणी ब्लीच सांगतो, कोणी साबण भरलेली तारेची घासणी, कोणी ओला केलेला बारीक पॉलिश पेपर, कोणी मेलॅमिनच्या फेसाचा ठोकळा. ज्यांचा धीर सुटला ते सरळ पांढरा रंग फासून मोकळे होतात. यांतला कोणता उपाय गुणकारी यावर हिरिरीने वाद होतात. पिवळेपणा घालवावाच कशासाठी, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला ते विचारायचे आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे व शिक्षकांपुढेच विचारायचे आहे. जुनी वस्तू आजच्या हातात कोणत्या रूपाने यावी, हा आपल्याच धंद्यातला पेच आहे. आणि त्या बाबतीत आपले हात जरा जास्तच स्वच्छ आहेत.

आधी वस्तू समजून घेऊ. रबर मुळात काळे नसते. झाडाचा चीक दुधाळ असतो, आणि मोटारीचे सुरुवातीचे टायर त्यात मिसळलेल्या झिंक ऑक्साइडमुळे फिकट, पांढुरके दिसत. मिशेलिन कंपनीचा १८९८ साली जन्मलेला टायरांच्या वळ्यांचा तो गलेलठ्ठ पुतळा पांढरा आहे, याचे कारण हेच. त्या काळचे टायर काळे नव्हतेच. पुढे १९१० च्या आगेमागे रबरात काजळी, म्हणजे ज्याला कारखान्यात कार्बन ब्लॅक म्हणतात ती, मिसळू लागले आणि टायर कितीतरी अधिक टिकू लागला. झिजतो तो रस्त्याला लागणारा भाग; म्हणून काजळी आधी तेथे घातली गेली आणि बाजू फिकटच राहिल्या. आज ज्या पांढऱ्या बाजूला आपण ऐश्वर्याची खूण समजतो, ती अशी काटकसरीच्या पोटी जन्मली. टायर पूर्ण काळे होऊ लागले आणि पांढरे दुर्मीळ झाले, तेव्हा कोठे पांढऱ्याला भाव चढला. १९३४ साली फोर्ड कंपनी आपल्या मोटारींना पांढऱ्या बाजूंचे टायर जादा दाम घेऊन देऊ लागली. मग महायुद्ध आले, जपानने मलाया घेतला, अमेरिकेचे रबर तुटले आणि १९४२ च्या आरंभी तेथे रेशनिंगखाली आलेली पहिली वस्तू टायर हीच ठरली. अशा टंचाईनंतर जे दशक आले त्याने चाकावर रुंद पांढरे कडे मिरवले, यात नवल नाही. तो मिरवही अल्पायुषी होता. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहॅमवर अरुंद पट्टी आली, आणि १९६२ पर्यंत रुंद पांढरी बाजू अमेरिकन कारखान्यांतून जवळपास हद्दपार झाली होती.

ही पट्टी तयार कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. ती वरून चढवलेली नसते. टायरच्या बाजूत पांढऱ्या रबराचा थर आधीच बसवलेला असतो आणि त्यावर काळ्या रबराचे पातळ आवरण असते. टायर भाजून निघाल्यावर ते आवरण यंत्राने घासून काढतात, तेव्हा आतले पांढरे उघडे पडते. म्हणजे हा पांढरेपणा पहिल्या दिवसापासूनच घासून काढलेला आहे, आणि त्याच्या थराला मर्यादा आहे. दर महिन्याला त्यावर पॉलिश पेपर फिरवणारा शौकीन कारखान्याचेच काम पुढे चालवीत असतो. फरक इतकाच की कारखान्याला कोठे थांबायचे ते ठाऊक होते.

आता पिवळेपणाकडे येऊ, कारण सगळा गैरसमज येथेच आहे. पिवळेपणा हा मळ आहे असे घासणारे गृहीत धरतात. थोडा मळ असतोही: ब्रेकची धूळ, रस्त्यावरचे तेल, पदपथाला घासल्याचे काळे ओरखडे. हा मळ साबणाच्या पाण्याने जातो आणि तो जावा, याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण साबणाने न जाणारा जो हस्तिदंती, पुढे तपकिरीकडे झुकणारा रंग असतो, तो बाहेरून आलेला नसतो. रबराचा खरा शत्रू हवेतला ओझोन. तो ताणलेल्या रबरातले रासायनिक बंध तोडतो आणि टायरला भेगा पडतात. त्याला अडवण्यासाठी काळ्या रबरात ओझोनरोधक द्रव्ये मिसळतात. ही द्रव्ये रबरात एके ठिकाणी बसून राहत नाहीत. हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात, तेथे ओझोनशी स्वतः झुंजतात आणि झुंजून तपकिरी होतात. टायर बनवणारे पांढऱ्या थरासाठी डाग न पाडणारे वेगळे मिश्रण वापरतात, हे खरे. तरी शेजारच्या काळ्या रबरातली द्रव्ये आणि तेले कालांतराने त्यात झिरपतातच. त्यात पुन्हा टायर चकचकीत दिसावा म्हणून वर जी तेलकट पॉलिशे चोपडतात, त्यांतली काही ही द्रव्ये आतून अधिकच ओढून काढतात. एकीकडे चमक आणायची आणि दुसरीकडे त्या चमकेने आणलेला पिवळेपणा ब्लीचने मारायचा, असा हा उद्योग आहे. ब्लीच रबर कोरडे करते. कोरड्या रबराला भेगा लवकर पडतात. पिवळा डाग म्हणजे टायरच्या पहारेकऱ्याने केलेल्या रखवालीची खूण. ती पुसण्याच्या नादात आपण पहारेकऱ्यालाच कामावरून काढतो.

कोणी म्हणेल, रसायनशास्त्र राहू द्या. मोटार तिच्या मूळ रूपात दिसावी एवढीच आमची इच्छा आहे. हा युक्तिवाद आम्हांला सर्वांत कच्चा वाटतो, कारण मूळ रूप म्हणजे कोणते, हेच त्यात तपासलेले नाही. १९५५ ची शेव्हरोले बेल एअर ज्यांनी रोज चालवली, त्यांची चाके पावसात, चिखलात, पदपथाला घासत फिरत होती. त्या काळी मोटारीच्या कडेला खाली स्प्रिंगच्या लवचीक तारा बसवीत. मांजराच्या मिशांसारख्या त्या तारा पदपथाला लागून खरखरल्या की चालकाने समजावे, आता पट्टी घासणार. असा सरंजाम ज्या वस्तूसाठी लागला, ती वस्तू रोजच्या व्यवहारात किती पांढरी राहत असेल, याचा तर्क करायला पुरावा शोधत फिरावे लागत नाही. निष्कलंक पांढरे कडे त्या काळी एका ठिकाणी मात्र नक्की होते: जाहिरातीत. १९५९ पासून १९७१ पर्यंत पॉन्टिॲकच्या जाहिराती आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या जोडीने रंगवल्या. त्यांच्या चित्रांत मोटार प्रत्यक्षाहून रुंद होते, क्रोममध्ये आभाळ उतरते आणि चाकाला धूळ म्हणून शिवत नाही. ती चित्रे सुंदर आहेत, आम्हांला आवडतात. पण चित्र म्हणून. जीर्णोद्धार करणारा गृहस्थ जेव्हा 'मूळ रूप' म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मोटार नसते, ही जाहिरात असते. तो एका प्रचारसाहित्याची प्रत दुसऱ्या माध्यमात उतरवतो आणि तिला इतिहास म्हणतो. त्याच दशकात रॉबर्ट फ्रँक नावाचा स्विस छायाचित्रकार अमेरिकाभर हिंडून चित्रे काढीत होता. त्याचे 'द अमेरिकन्स' १९५८ साली फ्रान्समध्ये आणि १९५९ साली अमेरिकेत निघाले. त्यातही मोटारी आहेत. एक तर ताडपत्रीखाली झाकलेली आहे. त्या पुस्तकाच्या शेजारी पॉन्टिॲकची जाहिरात ठेवून पाहा, म्हणजे 'मूळ' या शब्दाखाली काय काय दडपले जाते ते दिसेल.

पांढरेपणाला एवढे मोल का, याचे उत्तर मराठी माणसाला दूर शोधावे लागत नाही. आपल्याकडे परीटघडीचे धोतर ही प्रतिष्ठेची खूण होती. ते धोतर नेसणारा दिसे, घाट आणि परीट दिसत नसे. पांढरे वस्त्र सांगते ते एवढेच की हे नेसणाऱ्याला मातीत हात घालावा लागत नाही, आणि लागलाच तर तो घालणारा दुसरा कोणी आहे. थॉर्स्टिन व्हेब्लेनने १८९९ सालीच आपल्या 'थिअरी ऑफ द लेझर क्लास'मध्ये दिखाऊ उपभोगाची ही मीमांसा केली होती. जे चटकन मळते तेच प्रतिष्ठेचे, कारण ते स्वच्छ ठेवणे परवडावे लागते. रस्त्यावर फिरणाऱ्या चाकाला पांढरे नेसवणे, यापरते या न्यायाचे चोख उदाहरण आम्हांला सुचत नाही. मात्र अमेरिकेच्या बाबतीत व्हेब्लेनला थोडी मुरड घालावी लागते. तेथे रविवारी सकाळी घरापुढे ओणवा होऊन चाक घासणारा बहुधा मालक स्वतःच असतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. श्रमाची जागा तेथे व्रताने घेतली आहे. व्रत म्हटले की फळाचा विचार करायचा नसतो. म्हणूनच कदाचित टायरला भेगा पडत असल्या तरी घासणे सुटत नाही. आपल्याकडे, मुंबईत निघणाऱ्या व्हिंटेज मोटारींच्या फेरीआधी, ब्रश घेऊन चाकापुढे उकिडवा बसणारा आणि नंतर सुकाणूमागे बसणारा एकच असतो का, हे वाचकांनीच एकदा पाहून यावे.

आणि ज्या चाकाची ही पूजा चालते, ते तरी जुने असते काय? जवळजवळ कधीच नाही. रबर म्हातारे होते. सत्तर वर्षांपूर्वीच्या टायरवर मोटार चालवणे हा आत्मघात आहे. म्हणून रस्त्यावर येणाऱ्या जुन्या मोटारींना नव्याने बनवलेले जुन्या घाटाचे टायर घालतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा येथील १९५८ साली स्थापन झालेली कोकर कंपनी या धंद्यात अग्रेसर आहे. असा टायर दुकानातून येतो तेव्हा त्याच्या पांढऱ्या भागावर निळसर रक्षक लेप असतो. तो धुऊन काढला की १९५५ साल उजाडते. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. नागसेनाचे म्हणणे मान्य करून आम्ही म्हणतो, चाक म्हणजे रथ नव्हेच. पण मग त्या चाकाकडून रथाच्या वयाची खोटी साक्ष कशाला घेता? पाच-दहा वर्षांपूर्वी बनलेल्या टायरची पट्टी पिवळी पडली, तर ती १९५५ चे रूप बिघडवीत नाही. ती आपले स्वतःचे पाच-दहा वर्षांचे वय प्रामाणिकपणे सांगते. या सगळ्या देखाव्यात खरे बोलणारी वस्तू ती एकच, आणि ब्लीच नेमके तिच्याच तोंडात ओततात.

मोटारींच्या जगात हे कोणाला कळलेलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या अँटिक ऑटोमोबाइल क्लबात मूळ अवयव टिकवून ठेवलेल्या, नव्याने न सजवलेल्या मोटारींसाठी वेगळा वर्ग आहे. फिलाडेल्फियाचे फ्रेड सिमिओनी हे पेशाने मेंदूचे शल्यविशारद. त्यांनी शर्यतीच्या मोटारींचे संग्रहालय उभारले, आणि ऐतिहासिक मोटार ही दस्तऐवजासारखी जपावी, हा विचार २०२२ साली निधन होईपर्यंत नेटाने मांडला. इमारतींच्या क्षेत्रात तर हा वाद दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. रस्किनने १८४९ साली जीर्णोद्धाराविरुद्ध लेखणी उचलली. विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, आणि तिला मित्रांमध्ये नाव पडले ते 'खरवडविरोधी' अशा अर्थाचे. भिंती खरवडून मध्ययुग ताजे करणाऱ्यांविरुद्ध ती होती. टायर खरवडणाऱ्यांविरुद्ध अशी संस्था अद्याप निघालेली नाही. असो.

आता आपल्या धंद्याकडे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि अनुच्चारित अनुस्वार लिहिण्याचे कारण उरले नाही. नवे लिहिताना ते न देणे सोयीचे झाले. आम्हीही येथे देत नाही. पण त्यानंतर जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढताना एकोणिसाव्या शतकातले गद्यही त्याच साच्यात घालण्याची वहिवाट पडली. 'पांच' चे 'पाच' झाले, 'दांत' चे 'दात', 'केळें' चे 'केळे'. वाचकाची सोय झाली म्हणतात. पण 'पांच' वरचा तो ठिपका 'पञ्च' मधल्या अनुनासिकाची उरलेली खूण होता, आणि 'केळें' वरचा ठिपका शब्दाचे नपुंसकलिंग मिरवीत होता. तो उच्चारला जात नव्हता, हे मान्य. पिवळा डागही चाक फिरवीत नाही. पण तो कोठून आला हे विचारले तर वस्तूचा सगळा आतला व्यवहार कळतो, आणि पुसला तर विचारायला काही उरत नाही. गंमत अशी, की अशी आवृत्ती वर्गात शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो, 'लेखकाची भाषा पाहा.' कोणाची भाषा? शुद्धलेखन तपासनिसाची? जुन्या संहितेतला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ, विरामचिन्हांची इंग्रजीकडून नुकती शिकलेली बाचकी मांडणी, एकाच पानावर एकाच शब्दाची दोन रूपे, हे सगळे मळ नव्हे. मराठी गद्य घडत असतानाची ती रासायनिक क्रिया आहे, पृष्ठभागावर आलेली. संपादकाने शाई सांडलेली पुसावी, खिळे जुळवणाऱ्याची उघड चूक दुरुस्त करून तळटीप द्यावी. ती साबण-पाण्याची कामे झाली. ब्लीचची नव्हेत.

येथे उलट टोकालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. अलीकडे मोटारींच्या जगात जुनाटपणाची फॅशन आली आहे. नव्या पत्र्यावर रंगाचे थर घासून, गंज आणून, उन्हात चाळीस वर्षे पडल्याचा आभास निर्माण करतात आणि तशा मोटारीला जास्त दाम देणारेही भेटतात. हा पिवळेपणाचा सन्मान नव्हे, ती ब्लीचची सख्खी भावंड आहे. दोघांनाही काळ हवा आहे तो स्वतःच्या पसंतीचा. एकाला तो थांबवायचा आहे, दुसऱ्याला तो बाटलीतून विकत आणायचा आहे. आमच्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मधूनच पेरलेल्या 'जी' आणि 'महाराज' यांनी आणि कोणत्याच शतकात न बोलल्या गेलेल्या मराठीने हेच केले, आणि वाचकांनी त्याला जुन्या भाषेचा वास म्हटले. तो विषय मोठा आहे, येथे नको.

पिवळ्या डागाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर आम्हीच त्या पहारेकऱ्याला देव केला असे होईल. आजच्या टायरांत सर्रास वापरले जाणारे ओझोनरोधक द्रव्य ६पीपीडी या नावाने ओळखले जाते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात शहरांतून वाहणाऱ्या ओढ्यांमध्ये अंडी घालायला समुद्रातून परत येणारे कोहो सामन मासे पावसानंतर अंडी घालण्यापूर्वीच मरत, आणि कित्येक वर्षे कारण कळत नव्हते. २०२० च्या डिसेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात उत्तर प्रसिद्ध झाले: ६पीपीडी ओझोनशी झुंजून ज्यात बदलते त्यातला एक पदार्थ, ६पीपीडी-क्विनोन, त्या माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतो. रस्त्यावर झिजणाऱ्या टायरांच्या कणांतून तो पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातो. हौशी लोकांच्या घासणीने मासे मेले असे आम्ही म्हणत नाही. ते जगातल्या यच्चयावत मोटारींचे पाप आहे, त्यात पांढरपट्टीवाल्यांचा वाटा चिमूटभर. पण ज्याला आपण डाग म्हणतो त्याची रासायनिक भावकी कोठवर पोचली आहे, हे एवढ्यावरून कळावे. त्या पट्टीकडे पाहून 'ई, पिवळी!' एवढेच म्हणणारी सौंदर्यदृष्टी आम्हांला आंधळी वाटते. पिवळ्या रंगात रबराचे म्हातारपण आहे, त्याला वाचवणारे द्रव्य आहे आणि दूरच्या एखाद्या ओढ्यातला मासाही आहे. घासल्यावर जे पांढरे उरते, त्यात फक्त जाहिरात आहे.

मग शौकिनाने करावे काय? कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि धुतल्यावर सावलीत वाळवणे. तेलकट पॉलिश अजिबात नको. धुऊन जे राहील ते राहू द्यावे. प्रदर्शनात परीक्षक गुण कापतील, तर कापू द्यावेत. आणि परीक्षकांनी, निदान ज्यांना आपण इतिहासाचे पारखी आहोत असे वाटते त्यांनी, टायरच्या रंगाऐवजी त्याच्या बाजूवर उठवलेला तयार झाल्याचा आकडा वाचायला शिकावे. २००० सालापासून त्यात चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पांढऱ्याशुभ्र पट्टीशेजारी बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा आकडा दिसला, तर त्या मालकाला बक्षीस देण्याआधी नवे टायर घ्यायला सांगावे.